बाटलीने उतरवलेला पीएच दुसऱ्या दिवशी परत का चढतो?

प्रश्न असा आहे: "पुण्यात राहतो. माशांची तीन फुटी टाकी आहे, पाणी साधारण १०० लिटर, चार महिने झाले. सोसायटीत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी एकत्र येतं. पीएच ८.२ दाखवतो. दुकानदार म्हणाला माशांना ७ च लागतो, म्हणून 'पीएच डाऊन' टाकतो. संध्याकाळी ६.८ होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ८. दहा निऑनपैकी सहा गेले, गप्पी मात्र मजेत आहेत. पीएच ७ वर कायमचा कसा ठेवू?"

आधी एक करा, ती बाटली कपाटात ठेवून द्या. आज नको आणि उद्याही नको. पाणी ८.२ ला असेल तर ८.२ ला राहू द्या. उरलेले चार निऑन ८.२ मुळे मरणार नाहीत. रोज ८ वरून ६.८ आणि ६.८ वरून ८ असे हेलकावे खात राहिले, तर मात्र त्यांचा भरवसा नाही.

मी बावीस वर्षं टाक्या सांभाळतो आहे, स्वतःच्याही आणि दवाखाने, शाळा, कार्यालयांतल्याही. पीएच थोडा जास्त आहे एवढ्याच कारणाने मेलेले मासे मी फार थोडे पाहिले आहेत. पीएच 'दुरुस्त' करण्याच्या नादात मेलेले मात्र खूप पाहिले. म्हणून हे उत्तर जरा लांबलं तरी वाचा.

शाळेत आपण पीएचला 'सामू' म्हणायचो. माती परीक्षणाच्या कागदावर अजूनही तोच शब्द असतो. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर आम्लारिधर्मी, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. विसर पडतो तो मोजपट्टीचा. तिच्यावरचं एक घर म्हणजे दहापट फरक. ८ वरून ७ ला आलात तर पाण्याची आम्लता दसपट झाली. तुमच्या टाकीत रोज संध्याकाळी अर्ध्या तासात ती दसपटीहून जास्त बदलते आहे.

पण पीएच हा नुसता आकडा आहे, ताप मोजल्यासारखा. ताप कशाने आला ते थर्मामीटर सांगत नाही. तुमच्या पाण्याचा पीएच ८.२ का आहे, याचं उत्तर दुसऱ्या मोजणीत आहे. तिला आपण सगळे केएच म्हणतो, म्हणजे पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट. पाण्याच्या प्रयोगशाळेच्या अहवालात हीच गोष्ट 'टोटल अल्कलिनिटी' या नावाने मिलिग्रॅममध्ये येते. तुमच्या सोसायटीने कधी पाणी तपासून घेतलं असेल तर सेक्रेटरींकडून तो कागद मागा. त्या आकड्याला १७.९ ने भागलं की केएचच्या डिग्री मिळतात. अहवालात २१४ असेल तर केएच १२. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, अल्कलिनिटी २०० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते असं धरलेलं आहे. म्हणजे माणसांसाठी अगदी चांगलं पाणीही माशांच्या हिशेबात 'जड' असू शकतं.

आणि आपल्याकडे ते असतंच. देशावरचं बोअरचं पाणी काळ्या बेसॉल्टच्या भेगांतून येतं, येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. धरणाचं पाणी त्यामानाने हलकं. तुमच्याकडे दोन्हींचं मिश्रण येतं, त्यामुळे तुमचा केएच १० ते १४ च्या दरम्यान असावा असा माझा अंदाज आहे. अंदाजावर थांबू नका, केएचचं थेंबांचं किट आणा. बहुतेक किटांत ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकून हलवत जायचं असतं. निळं पाणी पिवळं होईपर्यंत जितके थेंब लागले तितका केएच. पण आपल्या किटमधली चिठ्ठी एकदा वाचून घ्या. पीएचच्या किटआधी हे किट विकत घ्यावं असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो.

आता बाटलीचं गणित मांडतो, कारण तुम्ही सांगितलेल्या आकड्यांत ते अगदी चपखल बसतं. केएच १२ धरू. 'पीएच डाऊन'मध्ये आम्ल असतं. ते टाकलं की बायकार्बोनेट फुटतं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. तोच वायू पाण्यात राहून पीएच खाली ओढतो, म्हणून संध्याकाळी ६.८ दिसतो. निव्वळ आम्ल धरून हिशेब केला, तर त्या क्षणी तुमच्या पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. वनस्पतींच्या टाक्यांना मुद्दाम सिलिंडरने हा वायू देणारे लोकही ३० च्या आसपास हात आखडता घेतात. तुमचे मासे डोस टाकल्यावर वर येऊन तोंड उघडझाप करत होते का? आठवून पाहा.

रात्रभर एअर पंप चालतो, वायू उडून जातो, पीएच परत वर येतो. पण केएच आता १२ नसतो, ९ च्या आसपास उरलेला असतो. म्हणून तुम्हाला ८.२ ऐवजी ८ दिसला. म्हणजे प्रत्येक डोसमागे तुम्ही साधारण तीन डिग्री केएच जाळता आहात. पाणी न बदलता तोच डोस रोज टाकत राहिलात, तर १२ चे ९, ९ चे ६, ६ चे ३, आणि चौथ्या डोसला हाताशी काहीच उरत नाही. त्या दिवशी तेवढ्याच थेंबांनी पीएच ६.८ ला थांबत नाही, सरळ ५ कडे कोसळतो आणि सकाळी मासे उलटे तरंगत असतात. तुमच्या बाबतीत आठवड्याच्या पाणीबदलाने केएच परत भरला गेला असावा, म्हणून अजून गप्पी मजेत आहेत. शिवाय काही बाटल्यांत फॉस्फेट असतं, ते शेवाळाला खतासारखं लागू पडतं. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी हे घरगुती उपायही याच वाटेने जातात. 'नैसर्गिक' म्हटल्याने त्यांचं रसायन बदलत नाही.

पीएच, केएच आणि कार्बन डायऑक्साइड ही तिघं एकमेकांना बांधलेली आहेत. दोन ठरली की तिसरं आपोआप ठरतं. हवा खेळती असलेल्या साध्या टाकीत हा वायू लिटरला तीनेक मिलिग्रॅम राहतो असं धरलं, तर केएच १२ ला पीएच ८.१ च्या आसपास येतो, ६ ला ७.८, ३ ला ७.५, आणि १ ला कुठे ७. नीट बघा, केएच निम्मा केला तरी पीएच फक्त ०.३ ने उतरतो. पीएच ७ कायम ठेवायचा तर केएच १ वर राहावं लागेल, आणि ती तलवारीच्या धारेवरची टाकी असते.

कारण केएच टाकीत आपोआप खर्चही होत असतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि या कामात आम्ल तयार होतं. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी जाते. केएच १२ असेल तर हा खर्च महिनोन् महिने जाणवत नाही. केएच १ असेल तर दोन आठवड्यांत खिसा रिकामा.

इथे मला एका दवाखान्याच्या टाकीबद्दल सांगायलाच हवं. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. चार फुटी टाकी, आठ मोठे एंजल मासे. आधीच्या माणसाने वर्षभर पाणी बदललं नव्हतं, नुसती उडालेल्या पाण्याची भर घालत होता. पाणी दिसायला स्वच्छ, मासे जरा मलूल पण खाणारे. मी पीएच मोजला, ५.६ आला. केएच शून्य. मला वाटलं, आधी हे पाणी काढू. त्याच दुपारी ८० टक्के पाणी बदललं, बोअरचं ८ पीएचचं ताजं पाणी भरलं. रात्री फोन आला. सकाळपर्यंत आठपैकी सहा एंजल गेले होते.

चूक माझी होती, आणि ती का झाली हे कळायला मला नंतर बरंच वाचावं लागलं. पीएच ६ च्या जवळ आला की फिल्टरमधले जीवाणू जवळपास कामच थांबवतात. मग अमोनिया साचत जातो. पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियम या रूपात असतो, आणि ते माशांना फारसं बाधत नाही. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. ८ ला पाच टक्क्यांच्या वर, ८.५ ला सुमारे १५, ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. त्या टाकीत महिनोन् महिने साचलेलं अमोनियम निरुपद्रवी पडून होतं. मी पीएच वर नेला आणि तासाभरात त्याचं विष झालं. अशा टाकीत पाणी बदलायचं ते दिवसाला १० टक्के, दोन आठवडे, दर वेळी अमोनिया मोजून. खाद्य निम्म्यावर आणायचं. त्यानंतर मी कोणाच्याही जुन्या टाकीला केएच आणि अमोनिया मोजल्याशिवाय हात लावलेला नाही.

नव्या माशांच्या पिशवीतही हेच घडतं. दुरून आलेली बंद पिशवी असेल तर माशांच्या श्वासाने आतला कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो, पीएच उतरलेला असतो, अमोनिया साचलेला असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो. म्हणून पिशवी उघडून दोन-दोन तास थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडा, जाळीने मासे उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशांना मात्र हळूहळू पाणी मिसळून घ्यायला हरकत नाही.

आता तुमचे निऑन का गेले? खात्रीने सांगायला अमोनियाचं वाचन लागेल, तुम्ही ते दिलेलं नाही. पण मला तीन गोष्टी दिसतात. रोजचा पीएचचा हेलकावा. रोज संध्याकाळचा कार्बन डायऑक्साइडचा लोट. आणि नुकतीच बसलेली टाकी, जिच्यात ८.२ ला थोडाही अमोनिया असला तर तो जास्त टोचतो. निऑनचं मूळ घर ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं मऊ, आम्लधर्मी पाणी, हे खरं. पण दुकानातले निऑन बहुतेक शेतावर वाढवलेले असतात, आणि त्यांच्या कित्येक पिढ्यांनी नदी पाहिलेली नसते. त्यांना स्थिर ७.६ ते ७.८ मी वर्षानुवर्षं पचवताना पाहिलं आहे. पिल्लं मात्र अशा पाण्यात होत नाहीत, अंडी मऊ पाणीच मागतात. गप्पींचं उलट. त्यांना जड पाणी आवडतं, म्हणून ते तुमच्याकडे ठणठणीत आहेत. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या मंडळींना पुण्याचं बोअरमिश्रित पाणी जवळजवळ माहेरचं आहे.

माझं स्पष्ट मत: आपल्या नळाला जे पाणी येतं त्याला मानवणारे मासे पाळावेत. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड ८ च्या वरच्या पीएचमध्ये रंगाने फुलतात. छत्रपती संभाजीनगर-जालन्याकडच्या जड पाण्यात मऊ पाण्याच्या डिस्कस माशांसाठी झुरणाऱ्यांना मी दर वेळी मलावीच्या टाकीकडे वळवू बघतो. ज्यांनी ऐकलं त्यांच्या टाक्या चालू आहेत.

तरीही निऑनच हवे असतील तर पाणी मऊ करण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे, आरओचं पाणी मिसळणे. आठवड्याला २० लिटर बदलत असाल तर १० लिटर नळाचं, १० आरओचं, बादलीत आधी एकत्र करून. एकदम निम्मी टाकी नको. दोनेक महिन्यांत केएच ७-८ च्या जवळ येईल, पीएच ७.९ च्या आसपास दिसेल. पीएच फार उतरला नाही म्हणून खट्टू होऊ नका. माशाच्या शरीराला पाण्यातल्या एकूण क्षारांचा भार पीएचहून जास्त जाणवतो, आणि तो भार कमी झालेला असतो. तुमचे गप्पीही एवढ्याने तक्रार करणार नाहीत.

घरच्या आरओबद्दल दोन सूचना. पुष्कळ यंत्रांत शेवटी खनिजं मिसळणारं कार्ट्रिज किंवा कच्चं पाणी थोडं सोडणारा स्क्रू असतो, त्यामुळे नळीतून येणाऱ्या पाण्याचा केएच शून्य असेलच असं नाही. मोजा. 'अल्कलाइन' कार्ट्रिज असेल तर ते पाणी टाकीला नकोच. आणि आरओचं फेकलं जाणारं पाणी वाचवायचं म्हणून टाकीत भरू नका, त्यात सगळे क्षार दाटलेले असतात. ते झाडांना किंवा फरशी पुसायला वापरा.

सोसायटीला सॉफ्टनर बसवला असेल तर वाचकांची हमखास फसगत होते. मिठावर चालणारा सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम ठेवतो. साबणाला फेस येतो, नळावर पांढरा थर बसत नाही, पण बायकार्बोनेट जसंच्या तसं राहतं. केएच तोच, पीएच तोच. मऊ पाण्याच्या माशांना अशा पाण्याचा काही उपयोग नाही, आणि गप्पींचं कॅल्शियम मात्र गेलं. शक्य असेल तर सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या.

देशी बदामाची वाळून गळलेली पानं, ड्रिफ्टवूड म्हणजे पाण्यात मुरलेलं लाकूड, पीट म्हणजे दलदलीतला कुजका पालापाचोळा, यांनी पीएच उतरतो असं ऐकलं असेल. उतरतो, पण केएच २-३ असेल तेव्हा. १२ च्या पाण्यात चहाचा रंग येतो, आकडा हलत नाही. तरी मी फायटर माशाच्या टाकीत दोन पानं टाकतोच, त्या पाण्यात मासा निवांत दिसतो. झाडाखालची पानं उचलताना फवारणी झालेली जागा टाळा.

टाकीतच काही पीएच वर ढकलत नाही ना, हेही पाहा. पांढरी चमकदार खडी बरेचदा संगमरवराची असते. दोन खडे कोरडे करून त्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तो चुनखडीचा प्रकार, टाकीत केएच वाढवत राहणार. शोभेचे शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे, सगळे तसेच. गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीला आतून नवं प्लास्टर केलं असेल, तर काही आठवडे तिथून येणाऱ्या पाण्याचा पीएच ९ च्याही वर जाऊ शकतो. अशा वेळी मी मागे एका बंगल्यात महिनाभर शेजारच्या घरून पाणी नेलं होतं.

कोकणातल्या वाचकांचा प्रश्न नेमका उलटा असतो. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी अतिशय मऊ, केएच एखाददुसरा, पीएच ६ च्या घरात. तिथे गप्पी-मॉली पंख मिटून बसतात, आणि टाकी कोसळण्याची भीती कायम. त्यांनी कालवांची टरफलं गोळा करावीत, उकळून, घासून, खाऱ्या पाण्याचा अंश जाईपर्यंत धुऊन मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या वाटेत ठेवावीत. पाणी आम्लधर्मी झालं की ती जास्त विरघळतात, ७.५ च्या पुढे जवळजवळ थांबतात. तातडीने केएच वाढवायचा असेल तर खायचा सोडा, १०० लिटरला ३ ग्रॅम म्हणजे एक डिग्री. पाण्यात विरघळवून, दिवसाला एकच डिग्री. बेकिंग पावडर मात्र नव्हे, तिच्यात आम्लही असतं.

मोजण्याबद्दल. नळाचं पाणी भरल्या भरल्या मोजू नका. बोअरचं पाणी जमिनीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, ग्लासात ७.२ दाखवतं आणि रात्रभर हवा मारल्यावर ८.२. खरा आकडा दुसरा. टाकीचा पीएचही दिवसभर सारखा नसतो. झाडं असतील तर पहाटे दिवे लागण्याआधी सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त. चार-पाच दशांशांचा हा चढउतार माशांना बाधत नाही. तुलना करायची तर रोज एकाच वेळी मोजा. पेनासारखं मीटर वापरत असाल तर ते महिन्यातून एकदा ६.८६ आणि ९.१८ च्या द्रावणात जुळवून घ्या, आणि त्याचं टोक साध्या किंवा आरओच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, साठवणीचं द्रावण मिळतं ते वापरा. कागदाच्या पट्ट्यांवर मी निर्णय घेत नाही.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच. आज टाकीचा आणि रात्रभर हवा मारलेल्या नळाच्या पाण्याचा केएच मोजा. टाकीचा नळापेक्षा बराच कमी निघाला तर तो बाटलीने खाल्लेला आहे. मग एकदम न भरता तीन दिवसांआड १०-१० टक्के पाणी बदला, क्लोरीन मारण्याचं औषध घालून. अमोनियाची चाचणी करा. शून्य नसेल तर खाद्य एक दिवसाआड. नवे निऑन लगेच आणू नका. टाकीचा केएच आणि पीएच सलग चार आठवडे एकाच जागी राहिले, अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले, की मगच सहा आणा. दुकानदाराला ते किती दिवसांपासून त्याच्या पाण्यात आहेत हे जरूर विचारा. दोन आठवडे पुण्याच्या पाण्यात काढलेला निऑन कालच पार्सलमधून उतरलेल्या निऑनपेक्षा दहा रुपयांनी महाग असला तरी तोच घ्या.

आणि एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू झाले की नळाचा केएच पुन्हा मोजा. मी दर उन्हाळ्यात पहिला टँकर यायच्या आधी ५० लिटरचे दोन ड्रम भरून ठेवतो, म्हणजे बदल मिसळायला दोन आठवड्यांची सवड मिळते. जूनच्या पहिल्या गढूळ पाण्यातही तेच. तेव्हा शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन जास्त पडतं, तुरटी केएच थोडा खाते, आणि क्लोरीनच्या औषधाचा डोस नेहमीपेक्षा वाढवावा लागतो.